साक्षीदार

"काचा नीट धुतल्यात ना, बाबा?" मुलीनं विचारलं.

"मग तीस वर्षं इथं काय झोपा काढल्या?" बाबा खेकसले आणि चहाला निघून गेले.

मालकांनी आठवड्यापूर्वीच सांगून टाकलं होतं. नवं यंत्र येतंय, तुम्हा बापलेकीतलं एकच जण राहील. बाबांचा आजचा आरशांचा लॉट पास झाला तर बाबा, नाहीतर मुलगी. आणि तपासायचं तिनंच! कारखान्यात तिला सगळे फौजदारीण म्हणत. "ही सख्ख्या बापाचीही गय करायची नाही," मालक हसत म्हणाले होते. मेल्याला गंमत वाटत होती.

तिचं कधीच ठरलं होतं. तिला कुठंही काम मिळालं असतं. बाबांना या वयात कुत्रंसुद्धा विचारणार नव्हतं.

निर्वात चेंबरमधून बारा आरसे बाहेर आले. काचेवर ॲल्युमिनियमचा थर, त्यावर पॉलिमरचा पातळ पापुद्रा. थर घट्ट बसलाय का, ही चाचणी आरशांवर करत नसत. त्यांच्याबरोबर चेंबरमध्ये काचेचा एक तुकडा ठेवत, त्याच्यावर करत. त्याला सगळे साक्षीदार म्हणत. तिनं साक्षीदारावर चिकटपट्टी दाबून बसवली आणि झटक्यात ओढली.

अख्खा थर पट्टीबरोबर निघून आला.

हात चुकला हो बिचाऱ्यांचा! तिनं तो तुकडा कचऱ्यात टाकला, खणातून जुना चांगला तुकडा काढला, त्याच्यावर पट्टी ओढली आणि कागदावर 'पास' लिहून सही ठोकली.

मालकांनी येऊन तुकड्याच्या कडेला कोरलेला लॉटचा नंबर वाचला. तो जुन्या लॉटचा होता. मग कचऱ्याचा डबा उपडा केला.

"बापासाठी लबाडी? उद्यापासून येऊ नकोस. आणि दुसरीकडून कुणी विचारलं, तर मी आहे तेच सांगणार."

मालकांनी बाबांना बोलावून घेतलं आणि त्यांच्यादेखत एका आरशावरच पट्टी लावून ओढली. थर जागचा हलला नाही. दुसऱ्या आरशाचाही नाही, तिसऱ्याचाही नाही.

"लॉट तर एक नंबर आहे!" मालक चक्रावले. "मग साक्षीदाराचाच थर कसा सुटला?"

बाबा खाली बसले.

"चेंबरमध्ये ठेवायच्या आधी पंपाच्या तेलाचं बोट मीच फिरवलं त्याच्यावर," ते लेकीला म्हणाले. "मला वाटलं, तू नापास लिहिशील."