भूल उतरायच्या आत

भूल चढू लागली तशी भोंग्याची जीभ वाक्याच्या मध्येच जड झाली. डॉक्टरीणबाईंना तो मेव्हण्याच्या साडूची ओळख सांगत होता. साडूचा साहेब कुठल्या कंपनीत आहे, हे सांगायचं राहिलं ते राहिलंच.

गाल पुरता बधिर होऊ दे म्हणून डॉक्टरीणबाई शेजारच्या खुर्चीकडे वळल्या. त्यांची ती पद्धतच होती. एकाला सुई टोचायची आणि त्याची भूल चढेपर्यंत दुसऱ्याचं काम उरकायचं.

भोंगा हे नाव गल्लीनं ठेवलेलं. कापडाचं गोदाम बंद पडलं, तिथली सुपरवायझरी गेली, तेव्हापासून तर त्याच्या बोलण्याला खंडच नव्हता. ओळखी त्याच्याकडे पोत्यानं. न्हावी, लिफ्टवाला, बँकेतला शिपाई, बसथांब्यावर भेटेल तो. माणूस दिसला की आपला सगळा अनुभव त्याच्या पदरात घालायचा, वर 'कुठे नोकरी असली तर लक्ष असू द्या' म्हणायचं आणि पुढच्याला गाठायचं. या व्यवहारात जावक भरपूर होती. आवक का नाही, हे त्याला काही केल्या कळत नव्हतं. बायकोला कळलं होतं, पण सांगायला तिलाही फट मिळाली नव्हती. आत्ता ती दाराशी स्टुलावर पर्स मांडीत धरून बसली होती. नवरा समोर असून इतकी शांतता, याची सवय नसल्यानं ती भिंतीवरचं दातांचं चित्र पाहत होती.

शेजारच्या खुर्चीत एक आजी टेकल्या. भोंग्यानं त्यांना लगेच ओळखलं. सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या, त्याच्याच बाकावर बसणाऱ्या. गेले कित्येक महिने तो त्यांना आपली कहाणी ऐकवत होता. ऐकायच्याही अगदी मन लावून. त्या कोण, काय करतात, एवढं मात्र विचारायचं राहून गेलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी आजींची कवळी घासून परत बसवली. आजींनी दोनदा चावून पाहिलं, ओठ मिटले, उघडले आणि मान वळवली.

"अगं बाई, हे तर बागेतले," त्या म्हणाल्या. "सापडले एकदाचे गप्प."

मग त्यांनी डॉक्टरीणबाईंना सावकाश सगळं सांगितलं. त्यांचं स्वतःचं औषधांचं गोदाम होतं. जुना सुपरवायझर लेकीकडे राहायला गेला होता, त्याची जागा रिकामी होती. बाकावर त्या रोज तेच सांगायला बघत. पण कवळी नवी, वाक्य सुरू करायला वेळ लागायचा, आणि तेवढ्यात हे गृहस्थ दुसऱ्या विषयावर गेलेले असायचे.

भोंगा ताडकन उठून बसला. तोंडातून 'आँव' असलं काहीतरी निघालं. सगळा अनुभव अगदी ओठांवर आला होता, पण ओठ कुठे आहेत तेच सापडत नव्हतं.

"आज मी विचारते," आजी म्हणाल्या. "नवा माल आला की कुठे लावता? पुढे की मागे?"

भोंग्यानं अंगठा खांद्यावरून मागे दाखवला.

"आणि एखादं खोकं उंदरानं कुरतडलेलं निघालं तर?"

भोंगा खुर्चीतून उतरला. गळ्यातला कागदी रुमाल तसाच. हवेतलं खोकं दोन्ही हातांनी उचलून त्यानं लांब बेसिनपाशी ठेवलं, परत आला, आणि त्याच्या आजूबाजूची खोकी एकेक करून उलटीपालटी तपासली. शेवटी गुडघ्यावर बसून फळीखाली डोकावला. आजी कवळीवर हात धरून हसल्या. बायकोचं स्टूल केव्हा पुढे सरकलं, तिचं तिलाही समजलं नाही.

माणूस कामाचा आहे, असं आजींनी सांगून टाकलं. फक्त ठरवणार त्यांचा मुलगा, आणि तो संध्याकाळीच परगावी निघायचा होता. आजींची गाडी खाली उभी होती. आत्ता बरोबर आले तर आजच पक्कं होईल.

"एकच आहे," आजी छताकडे बघत म्हणाल्या. "त्याला बोलकी माणसं सोसत नाहीत. आधीच्या दोघांना त्यानं चहा संपायच्या आत वाटेला लावलं."

दात उद्या काढता येईल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. भूल मात्र फार वेळ टिकणार नाही.

भोंगा तोवर चपला घालून दारात पोचलाही होता. हातवारे करून तो आजींना लवकर चला म्हणत होता.

"गोदाम लांब आहे का हो?" बायकोनं विचारलं.

गावाच्या पार पलीकडच्या टोकाला, आजी म्हणाल्या. वाटेत गर्दीही लागते.

बायकोनं पर्सची चेन एकदा उघडली, एकदा लावली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टर, आणखी एक सुई देता येईल का?"

दारातला भोंगा थबकला. त्यानं बायकोकडे पाहिलं, आजींकडे पाहिलं. चपला काढल्या. मुकाट्यानं परत येऊन खुर्चीत बसला, डोकं मागे टेकवलं आणि भला मोठा आ केला.