कुंपणावरची पाचवी वेल

कडूबाईंनी कुदळ मागितली तेव्हा दैवशाला शेळ्यांना पाला टाकत होती. कशाला, असं सुनेनं विचारायची सोय नव्हती. सासूबाई कुंपणाकडं बघत होत्या, आणि कुंपणावर कर्टुल्याच्या वेली होत्या.

माळावर ट्रॅक्टर फिरायच्या आधी दैवशालानं त्यांचे कंद उकरून पदरात बांधून आणले होते. आता माळावर सोयाबीन होतं, आणि आसपासच्या रानात कर्टुलं औषधाला सापडत नव्हतं. जे काय उरलं होतं ते इथं. चार वेली काटेरी हिरव्या फळांनी लगडल्या होत्या. पाचवी नुसतीच पसरली होती. तिला फुलं ढीगभर, फळ एक नाही.

कडूबाईंचं म्हणणं सरळ होतं. वांझ वेल दारात ठेवत नसतात. सकाळी ताक न्यायला आलेली कस्तुराबाई वेलीकडं बघून काहीबाही बोलून गेली होती. काय ते कडूबाईंनी सांगितलं नाही. लग्नाला इतकी वर्षं होऊनही घरात पाळणा नसलेल्या बाईला असलं बोलणं न सांगता कळतं. उद्या पोखर्णीहून भाऊ दैवशालाला न्यायला येणार होता. किती दिवसांसाठी, हा विषय कुणी काढत नव्हतं.

दैवशालाचा नवरा रामकिशन बाजेवर फवारणीचा पंप उघडून बसला होता. परभणीच्या डॉक्टरनं त्याच्या बायकोच्या तपासण्यांचे सगळे कागद बघितले होते, आणि ‘आता नवऱ्याला घेऊन या’ म्हणून सांगितलं होतं. तेव्हापासून त्याच्या पंपात रोज काही ना काही बिघडत होतं.

दैवशालानं कुदळ आणून दिली. दिली, आणि स्वतः वेलीच्या बुडाशी फतकल मारून बसली.

“सरक.”

“दिस मावळंस्तोर थांबा, आत्याबाई. ताजं फूल उमललं की मंग खुशाल खांदा.”

फुलानं काय होतंय, फुलं तर मागच्या साली पण होती, असं कडूबाई पुटपुटल्या. कुदळ त्यांनी उगारली नाही, पण टेकवलीही नाही. पातं दैवशालाच्या पायाच्या बोटांपासून टीचभर अंतरावर लोंबत राहिलं. उन्हं कलत होती. शेळ्या पाला खायचं सोडून बघत होत्या. बाजेवर पंपाची खटखट तेवढी चालू होती.

पाचव्या वेलीची पहिली पिवळी कळी सैल झाली. मग शेजारच्या वेलीवरची. दैवशालानं दोन्ही फुलं खुडली आणि तळहातावर उलटी ठेवली.

“हे मादीचं. बुडाला बगा, बारकं कर्टुलं आधीच हाय, लव आल्यावानी काटे. अन् ह्याच्या बुडाला नुसता देठ. ह्यो नर हाय, आत्याबाई. ह्याला फळ धरत नसतं. पन ह्यो खांदला, तर फुडच्या साली त्या चौघींची बी फुलं गळून पडत्याली.”

शेळ्यांमागं हिंडताना तिनं हे माळावर बघितलं होतं. जिथं अशी वेल नव्हती, तिथं फुलं यायची आणि सुकायची.

कडूबाईंनी फुलं डोळ्यांजवळ नेली, नखानं चाचपली. फळ न देणारी वेल कंदासकट उपटायची, हे त्यांना आईनं शिकवलं होतं. गावात सगळ्यांना कुणी ना कुणी शिकवलंच होतं. माळावरची कर्टुली दरसाल कमी होत गेली, तेव्हा गावानं पावसाला बोल लावला होता.

“अन् मंग,” कडूबाई सावकाश म्हणाल्या, “आमी त्या चौघींस्नी वांझ म्हनलं असतं.”

बाजेवरची खटखट थांबली होती. तिकडं बघायचं धाडस दैवशालाला झालं नाही.

कडूबाईंनी कुदळ कुंपणाला टेकवली आणि त्या बाजेपाशी गेल्या. लेकाच्या हातातला पंपाचा दांडा त्यांनी काढून घेतला, लहान पोराच्या हातातून विळा काढून घ्यावा तसा.

“तिच्या भावाला फोन लाव. म्हनावं, उद्या येऊ नगं. उद्या आपुन तिघं परभनीला जायलोत.”

रामकिशननं मान वर केली नाही.

कडूबाई त्याच्या शेजारी टेकल्या. आवाज उतरला होता.

“आत तुला एकट्यालाच जावं लागंल. मी दारात बसते. भ्याचं न्हाई.”