वामींची पेटी

विमानवाल्यांनो, तुमच्या काट्यावर गरिबाचीच पेटी बरी जड भरते! मितिआरो बेटाच्या धावपट्टीवर तेपाएरू मावशी बर्फाची पेटी कवटाळून काट्यावर उभी होती. पेटीत तळ्यातल्या ताज्या वामी, सापासारखे लांब मासे. रारोटोंगाच्या दवाखान्यात बाळंत झालेल्या लेकीनं त्याच मागितल्या होत्या. "मावशी, आठ किलो जास्त भरतंय. बर्फ काढ," तपासनीस म्हणाला. "मेल्या, बर्फ काढून बाळंतिणीला काय नुसता वास नेऊ?" रांगेत हशा पिकला. पाद्रीबाबांनी वजन घटवायला आपली केळी उतरवली, पोरींनी नारळ टाकले. तरीही गडी अडूनच बसला. तेवढ्यात मावशीला विमानाच्या दारात वजनाची चिठ्ठी नसलेली, न तोलताच चढवलेली पेटी दिसली. झाकणावर तपासनिसाचंच नाव. मावशीनं ती ओढून काट्यावर आदळली. काटा गरकन फिरला, झाकण उडून हॉटेलात विकायचे खेकडे बर्फासकट सांडले. टाळ्या कडाडल्या. "बोल लेका, सगळ्यांदेखत सांग, आता कुणाचा बर्फ काढायचा?"