राहिलेली क्लिप

पाणी बॉनेटवर चढलं आणि विश्रामला ती क्लिप आठवली.

काल दिवसभर खपून त्याने एकट्याने जीपला स्नॉर्केल बसवला होता. चांगल्या मडगार्डला ड्रिलने भोक पाडलं आणि हवेचा पाइप काचेच्या कडेने टपापर्यंत नेला, म्हणजे पुरातही इंजिनला वरून हवा मिळेल. शेवटचा जोड बॉनेटच्या आत होता. तिथल्या क्लिपचा स्क्रू त्याने नुसता बोटांनी फिरवला, कारण स्क्रूड्रायव्हर सापडेना आणि घरात चहा निवत होता. चहा पिऊन आला तो बॉनेट लावून मोकळा झाला.

आता तो जोड सुटला, तर इंजिन पाणी ओढून नदीच्या मधोमध बंद पडणार होतं. मागच्या सीटवर त्याची बहीण बाळंतपणाच्या कळांनी विव्हळत होती. तिचं डोकं त्याच्या बायकोच्या, मालूच्या मांडीवर होतं. पाण्याखालचा पूल दिसत नव्हता. इंजिनाचा आवाज दबत चालला. विश्रामने ॲक्सिलरेटरवरचा पाय हलू दिला नाही.

"मालू," तो कसाबसा म्हणाला, "आतली क्लिप आवळायची राहिलीय."

"राहिली नाही. तुम्ही चहा पीत होता, तेव्हा मी आवळली."

"तुला कुठे मिळाला स्क्रूड्रायव्हर?"

मालूने नणंदेच्या कपाळावरचा घाम पुसला.

"सुरीचं टोक कुणी वाकवलं म्हणून सकाळी घर डोक्यावर घेतलंत ना? आता पुढे बघा."