हाफ फ्राय

पहिलं अंडं फुटलं ते थेट ओट्यावर. सासरेबुवांनी ते फडक्याने निपटून काढलं, फडकं बेसिनमध्ये टाकलं आणि मागे वळून पाहिलं. सून आतल्या खोलीत खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. पट्टी ओढल्याचा कर्रकर्र आवाज येत होता. म्हणजे तिला अजून काही कळलं नव्हतं.

खरं तर ती आता सून राहिली नव्हती. मुलाने दुसरीकडे संसार थाटला, कोर्टात रीतसर काडीमोड झाला, तरी ही इथेच राहिली. सासूच्या आजारपणात उशापायथ्याशी हीच होती. सासू गेली, त्यालाही आता बरेच दिवस झाले. दुसऱ्या गावची चांगली नोकरी चालून आली, तरी हिचा पाय निघेना. विषय निघाला की एकच पालुपद, "तुम्ही एकटे काय खाल?" शेवटी काल सासरेबुवांनी ठणकावून सांगितलं, "उद्याचा नाश्ता माझा. तू नुसती बसून खा आणि टेम्पोत बस."

बोलून तर गेले.

जन्मभर शिवणयंत्रं दुरुस्त केलेला माणूस. यंत्राच्या कुठल्या भोकात किती थेंब तेल, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. तव्यात किती, ते काही कळेना. अंदाजाने ओतलं, ते जरा सढळ हातानेच पडलं. दुसरं अंडं सोडताच तेल तडतडलं आणि एक थेंब मनगटावर उडाला. त्यांनी हूं की चूं केलं नाही. बघता बघता कडा करपून वर वळल्या. मधलं पिवळं मात्र तसंच थुलथुलत राहिलं. उलथनं खाली सरकवायला गेले, तर तेही फुटून पसरलं.

"गॅस मोठा आहे," दारातून सून म्हणाली.

"माहीत आहे मला."

"मग कमी करा ना."

त्यांनी कमी केला, तो इतका की विझलाच.

ती पुढे आली नाही. चौकटीला टेकून हाताची घडी घालून उभी राहिली. हात मोकळे सोडले तर ते आपले आपण कामाला लागतील, अशी भीती असावी तिला. "हे काढून ठेवा ताटलीत. दुसरं घ्या. तेल अर्धंच. आता झाकण ठेवा. बाबा, सारखं उघडून बघू नका हो, ते कुठे पळून जात नाहीये."

तिसरं अंडं जमलं. कड पांढरी, मध्ये पिवळं अख्खं. त्याच तव्यावर त्यांनी ब्रेडचे काप भाजले. एका बाजूने काळे झाले, ती बाजू खाली करून मांडले. बाहेरच्या खोलीत बसल्यावर चांगलं अंडं तिच्यापुढे सरकवलं, फुटकं स्वतःकडे ठेवलं आणि न खाता तिच्याकडे बघत बसले.

ती मान खाली घालून खात होती. ब्रेडच्या शेवटच्या तुकड्याने तिने ताटली पुसून घेतली.

"कसं झालंय?"

"छान."

मग ताटलीकडेच बघत म्हणाली, "बाबा, मी कळवू का त्या नोकरीवाल्यांना? महिनाभराने येते म्हणून. ते नाही म्हणणार नाहीत."

सासरेबुवांच्या मनाने उडीच मारली. महिनाभर. म्हणजे महिनाभर संध्याकाळी कुलूप आपल्याला उघडावं लागणार नाही. आत कुणीतरी दिवा लावलेला असेल. आज भाजी आणू का, हे विचारायला माणूस असेल. "हो" अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं.

"तू इथे असलीस तर मी शिकणार कधी?" ते म्हणाले.

"आणि नाही शिकलात तर?"

"तर करपलेलं खाईन. दात शाबूत आहेत अजून."

ती हसली, पण हसू पुरतं ओठांवर यायच्या आत विरलं. तेवढ्यात खाली टेम्पो आला. ड्रायव्हर आणि ती मिळून खोकी उतरवू लागले. सासरेबुवा मदतीला उठले, तर दोघांनीही त्यांना परत खुर्चीत बसवलं. दोन-तीन फेऱ्यांत सगळं आटोपलं. आतली खोली दारातून भलतीच मोठी दिसू लागली.

शेवटची पिशवी खांद्याला अडकवून, चपला घालून ती उंबऱ्यात उभी राहिली. निघते म्हणाली, तरी निघाली नाही.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "फोन केला तर आता काय म्हणून हाक मारू? पूर्वीसारखं... चालेल ना तुम्हाला?"

सासरेबुवांनी ताटलीतल्या गार झालेल्या अंड्याचा तुकडा तोंडात घातला. चावला. थांबले. पुन्हा चावला.

"यात मीठच नाही."

"हो. नव्हतं."

"तुझ्यातही नव्हतं?"

"नव्हतं."

"मग बोलली का नाहीस? छान म्हणालीस वर."

"तुम्ही एवढं खपून केलंत, म्हणून म्हटलं..."

"हे असं पाहुणे खातात," ते म्हणाले. "घरचं माणूस मीठ मागून घेतं."

तिने पिशवी दारातच ठेवली, चपलांसकट स्वयंपाकघरात गेली आणि मिठाची बरणी घेऊन आली. त्यांच्या शेजारी उभी राहून तिने चिमटीने फुटक्या अंड्यावर मीठ भुरभुरलं.

"बस का, बाबा?"

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला.

"अजून थोडं," ते म्हणाले.