हसायची जागा

कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये ललिता फरशी पुसत होती आणि तेजस नव्वदच्या दशकातली एक अमेरिकन विनोदी मालिका हिंदीतून बघत होता. त्यातली मोलकरीण मालकाला म्हणाली, "माझी मुलगी डॉक्टर होणार." लगेच हशा पिकला.

"हसतंय कोण, दादा? माणसं तर दिसत नाहीत."

"हसणं मागाहून घालतात, मावशी. नट मात्र तो हशा ओसरायला लागेल तेवढा वेळ आधीच गप्प थांबतात."

त्याने टीव्ही बंद केला. ललिताने बादली उचलली.

"दादा, उद्या मी येणार नाही. माझ्या पोरीचा मेडिकलला नंबर लागला."

घरभर तोच हशा पिकला. ललिताने दचकून टीव्हीकडे पाहिलं. पडदा काळाच होता.

तेजस चेहरा तसाच ठेवून थांबला. हशा पुरता ओसरल्यावर म्हणाला, "अरे वा! अभिनंदन, मावशी."