सीलांची नजर

इंग्लंडमधल्या नॉर्थंबरलँडच्या समुद्रकिनाऱ्यावर पदभ्रमण मंडळाच्या रविवारच्या फेरीत आज सर्वांत मागे चालायची पाळी एनिडची होती. सर्वांत मागे चालणाऱ्याच्याही मागे कुणी राहता कामा नये, हा मंडळाचा नियम.

गेल्या वर्षी याच वाटेवर तिचा नवरा क्लेम दमून जुन्या लष्करी बंकरपाशी टेकला, तेव्हा ती वैतागली होती. "बस तू. मी नाही थांबणार." ती परतली तोवर त्याचा प्राण गेला होता.

"एनिड, खडकांवरचे ते लठ्ठ सीलसुद्धा तुझ्यापेक्षा भरभर चालतात गं!" पुढून गॉर्डन ओरडला.

बंकर मागे पडला. खडकांवरचे सील चालणाऱ्यांकडे टक लावून पाहत होते. एनिड पुढे गेली, तरी त्यांची नजर तिच्या दहा पावलं मागेच राहिली आणि हळूहळू सरकू लागली.

तिनं वळून पाहिलं. वाट मोकळी होती.

"ये," ती पुटपुटली, "सावकाश ये."

सगळ्या सीलांची नजर सरकत सरकत तिच्या खांद्याशेजारी आली आणि तिथेच थांबली.